ऑटिझमवर पीएचडी: पैसा कुठे आहे आणि कुठे अडतो

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा विषय काढला की पहिला सल्ला मिळतो तो विषय बदलण्याचा. "याला आपल्याकडे कोण पैसे देणार? ही पुण्या-मुंबईची कामं." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण माहिती अर्धवट असते. त्यापायी चांगले विषय सिनॉप्सिस लिहून होण्याआधीच सोडून दिले जातात.

मूळ गैरसमज असा, की ऑटिझमच्या नावाने वेगळी फेलोशिप दिसत नाही म्हणजे पैसाच नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. आपल्याकडच्या बहुतेक फेलोशिप संशोधनाच्या शीर्षकाला मिळत नाहीत, त्या विद्यार्थ्याला मिळतात. यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा आणि एकूण मुदत पाच वर्षांची. परीक्षा मानसशास्त्राची, शिक्षणशास्त्राची किंवा समाजकार्याची द्यायची. त्या विषयात राहून ऑटिझमवर काम करायचं की आणखी कशावर, हे विद्यार्थी आणि गाईड ठरवतात. जेआरएफची वयोमर्यादा ३० वर्षांची असली, तरी महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. लग्न आणि मुलांमुळे शिक्षणात खंड पडलेल्या अनेकींना ही सवलत माहीतच नसते.

राज्याच्या संस्थांचंही तसंच. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. या तिन्हींच्या अधिछात्रवृत्तीला प्रवर्गाची अट आहे, ऑटिझम विषय चालणार नाही अशी अट नाही. जागा मर्यादित असतात, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. त्यांच्या आणि जोतीरावांच्या नावाने यूजीसी एक फेलोशिप देते, ती आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्या पूर्णवेळ पीएचडी विद्यार्थिनीला.

दुसरा घोटाळा दिव्यांगांच्या राष्ट्रीय फेलोशिपबाबत होतो. वर्षाला २०० जणांना मिळणारी ही फेलोशिप दिव्यांगत्वाचा अभ्यास करणाऱ्यासाठी आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती स्वतः दिव्यांग असलेल्या संशोधकासाठी आहे, मग त्याचा विषय इतिहास असो की रसायनशास्त्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्यामुळे किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेली स्वमग्न व्यक्ती तिथे अर्ज करू शकते. स्वमग्न माणूस हा कायम अभ्यासाचा विषय असणार, अभ्यासक नाही, हे गृहीतक इथेच मोडतं.

तिसरी गोष्ट विशेष शाळांमधल्या शिक्षकांना लागू होते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करण्याची मुभा यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आहे. पण अर्धवेळ नोंदणीवर जेआरएफ मिळत नाही, जेआरएफसाठी पूर्णवेळच संशोधन करावं लागतं. नोंदणीच्या आधीच हा हिशेब मांडलेला बरा.

आणि फेलोशिप मिळाली म्हणजे संशोधनाचा खर्च भागला? नाही. फेलोशिप पोटापाण्यासाठी असते. कामाच्या खर्चासाठी जेआरएफसोबत जी रक्कम मिळते, ती सामाजिक शास्त्रांत पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आहे. महिन्याला साडेआठशे रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर किंवा माण-खटावच्या गावांत जायचं, एकाच घरी दोन-तीनदा जायचं, कारण पहिल्या भेटीत मूल अनोळखी माणसासमोर येतच नाही, आणि आईची रोजगाराची वेळ सांभाळून बोलायचं. एसटीचं तिकीट, झेरॉक्स आणि परदेशी चाचण्यांची किंमत धरली, की अडचण कळते. खरी टंचाई इथे आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून मोजमापाचं साधन निवडताना विचार करावा. इसा ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही हीच पट्टी वापरतात, त्यामुळे तिच्यावर आधारलेलं काम सरकारी यंत्रणेच्या थेट उपयोगाचं ठरतं.

"एमआरआय आणि प्रयोगशाळा नसेल तर ऑटिझमवर संशोधन कसलं?" याला उत्तर शेजारच्या गोव्याने दिलं आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर 'पास' नावाच्या उपचारपद्धतीची चाचणी झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करायचं, मग पालकांसोबत बसून ते पाहायचं, मुलाने कधी नजर दिली, कधी पुढाकार घेतला हे दाखवायचं, अशी तिची रीत. २०१६ मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले: पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं संवाद सुरू करू लागली. गोव्याची बाजू संगत या संस्थेने सांभाळली, निधी अमेरिकेच्या ऑटिझम स्पीक्सचा होता. हे एकट्या विद्यार्थ्याचं काम नव्हतं हे खरं, पण महागडं यंत्र त्यातही नव्हतं.

परदेशी पैशाबद्दल दोन टोकं ऐकू येतात: तो आपल्याला मिळतच नाही, किंवा मिळाला की झालं. अमेरिकेत पालकांनी २००१ मध्ये उभारलेली ऑर्गनायझेशन फॉर ऑटिझम रिसर्च पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं देते. कोणत्याही परदेशी अनुदानाला अर्ज करताना त्या वर्षीचे नियम वाचावेत. अनुदान संस्थेच्या खात्यात येणार असेल तर संस्थेकडे परदेशी निधी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते, आणि परदेशी सहभागाच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी.

निधी कुठलाही असो, प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी मात्र हवीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती तर लागतेच, सात वर्षांपुढच्या मुलाचा होकारही विचारायचा असतो. कला शाखेच्या महाविद्यालयात अशी समिती बहुधा नसते, वैद्यकीय संस्थेत असते. म्हणून कराडच्या कृष्णा विद्यापीठाने आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने परिसरातल्या मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव सहगाईड देऊन हाती घ्यावेत, आणि शिवाजी विद्यापीठाने अशा क्षेत्रकामाच्या प्रवासासाठी वेगळी तरतूद करावी.