फर्स्ट एडचा डबा आहे, पण तो उघडणारा माणूस आहे का?



या आठवड्याचा व्हिडिओ सीपीआरवर आहे. बिझनेसच्या चॅनलवर हे मध्येच कुठून आलं, असं वाटेल. पण दिवसाचे आठ-दहा तास तुमची माणसं तुमच्याच छपराखाली असतात ना!

कुठल्याही वर्कशॉपमध्ये फर्स्ट एडचं विचारलं की भिंतीवरचा पांढरा डबा दाखवतात. किल्ली कोणाकडे, विचारलं की शोधाशोध! १९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम ४५ मध्ये, दर १५० कामगारांमागे किमान एक डबा सांगितला होता. शिवाय तो प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवा, असंही म्हटलं होतं. आपण डबा घेतला, माणूस विसरलो.

हृदय बंद पडलं की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. सीपीआर मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ची गाडी कितीही झटपट निघाली तरी ट्रॅफिक, गेट, जिना यात वेळ जातोच. ती मिनिटं डॉक्टरांच्या हातात नसतात, शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या हातात असतात.

मग करायचं काय?

१. शॉक लागला असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा.

२. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, किंवा मधूनच आचके येतात? आचके म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नका.

३. एकाला नाव घेऊन सांगा, "सुरेश, १०८ लाव, फोन स्पीकरवर ठेव." "कोणीतरी फोन करा रे" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

४. कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दरवेळी ती पूर्ण वर येऊ द्या.

५. दर २ मिनिटांनी दाबणारा बदला. तोंडाने श्वास द्यायला शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. पाणी पाजणं, कांदा-चप्पल हुंगवणं बंद!

"बरगडी मोडली तर?" मोडू शकते. पण बरगडी जुळते, थांबलेलं हृदय वाट बघत नाही.

हे वाचून हाताला येत नाही, पुतळ्यावर सराव लागतो. असा गाजलेला पुतळा, 'रेससी अ‍ॅन', १९६० मध्ये नॉर्वेच्या आसमुंड लेर्दाल यांनी आणला. ते डॉक्टर नव्हते, खेळणी बनवणारे कारखानदार होते. आपल्यासारखेच धंद्यातले!

आता महत्त्वाचं. बरेच मालक म्हणतात, "सर, मी शिकून घेतो, बास." शिका, जरूर. पण बीपीची गोळी, रात्रीची जागरणं, वसुलीचं टेन्शन, हे सगळं कोणाकडे जास्त आहे? उद्या पडणारा माणूस तुम्हीच असलात तर? स्वतःला सीपीआर देता येत नाही, मंडळी.

म्हणून या आठवड्याचं होमवर्क: प्रत्येक शिफ्टमधली किमान दोन नावं लिहा, कारण एक जण कधीतरी रजेवर असतोच. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सच्या जवळच्या शाखेत प्रशिक्षणाची चौकशी करा. आणि हो, डब्याची किल्ली आजच काढून टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!