शेवटची तारीख माहीत नसते तेव्हा

व्हिसाचा निर्णय, नोकरीचा करार, भारतात आईबाबांचं आजारपण. "आणखी किती दिवस?" याला उत्तर नसलं की आपण जास्त थकतो. असं का होतं?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांनी संगणकाच्या पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा झटका! घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसलं, की झटका नक्की बसणार असेल त्यापेक्षा शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण अधिक असतो.

तिथली अनिश्चितता काही क्षणांची होती. २४ जून १९४८ ला सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडवले, तेव्हा वीस लाखांहून अधिक लोकांना शेवट कधी, हे ठाऊक नव्हतं. अन्न आणि कोळसा विमानांनी येऊ लागला, पण विमानतळ अपुरे पडले. मग हजारो बर्लिनकरांनी, त्यात कितीतरी बायकांनी, पडक्या घरांच्या विटांची भर घालून टेगेलला सुमारे तीन महिन्यांत नवी धावपट्टी बांधली. नाकेबंदी उठली १२ मे १९४९ ला.

नाकेबंदी कधी उठेल हे त्यांच्या हातात नव्हतं, धावपट्टी होती. तुम्हीही आशा एखाद्या तारखेला बांधू नका; ती हुकली की आशाही खचते. त्यापेक्षा या आठवड्यात आपल्या हातून पूर्ण होईल असं एक काम ठरवा. वाट पाहणं संपणार नाही, पण निदान तेवढ्यापुरती अनिश्चितता कमी होईल.