रिंग पडली तर वस्तू आपली

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आमच्या पेठ भागातली मंडळी दर्शन आटोपून पाळण्यांकडे वळतात, तेथे हटकून एक कापडी चौकोन दिसतो. त्यावर साबणाच्या वड्या, पावडरचे डबे, बिस्किटांचे पुडे, क्वचित नोट गुंडाळलेली आगपेटी. भोवती दोरी. दोरीबाहेरून रिंग फेकायची. ती वस्तूभोवती पुरती बसली तर वस्तू आपली. विलायतेतल्या जत्रांत याच खेळाला 'हूप-ला' म्हणतात.

अकरावीत असताना या चौकोनापुढे मी परतीचे एस.टी.चे भाडे घालवले. काकांनी तिकीट काढले आणि वाटभर एकच शब्द ऐकवला, 'जुगारी!' तो शब्द डोक्यात राहिला. खरोखरच तो जुगार होता काय?

शेजारच्या सोरटाविषयी प्रश्नच नाही. चिठ्ठी ओढायची, निघेल तो आकडा. तेथे हाताचे काम काही नाही. रिंगचे तसे नाही. 1887 चा मुंबईचा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. 1957 साली चमारबागवाला खटल्यांत, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयानेही हीच रेघ ओढली : यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर तो जुगार नव्हे.

ही रेघ ओढताना न्यूयॉर्कसारखे शहरही अडखळले होते. आपल्याकडे काही घरांत खिळे ठोकलेली 'बॅगाटेल'ची फळी असे, ती आठवून पाहावी. हा मूळचा फ्रेंच खेळ. 1871 साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत गोळी उडवणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यासह त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यात नाणे टाकायची सोय झाली आणि पिनबॉल जन्मला. एकदा उडवलेली गोळी खिळ्यांवर आपटत कोठेही जाई, म्हणून 1942 साली महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत न्यूयॉर्कने तो जुगार ठरवून यंत्रे हातोड्याने फोडली. 1947 मध्ये गोळी परतवणारे पंखे आले आणि खेळ हाताच्या कसबाचा झाला. बंदी मात्र 1976 पर्यंत टिकली! त्या वर्षी रॉजर शार्प या तरुणाने नगरसभेच्या समितीपुढे गोळी कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगून उडवली. ती तशीच गेली आणि बंदी उठली. तो फटका नशिबाने साधला, अशी कबुली पुढे त्यांनी स्वतःच दिली. गंमत आहे खरी.

आता आपली रिंग. तिचे तोंड वस्तूच्या कर्णापेक्षा जेमतेम मोठे असते, त्यामुळे ती अगदी आडवी, सपाट उतरली तरच बसते. जरा कलली की कोपऱ्यावर अडकते. कडक रिंग टणकन उसळतेही. शिवाय मोलाची वस्तू लाकडी ठोकळ्यावर ठेवलेली, आणि नियमाप्रमाणे रिंग ठोकळ्यालाही वेढून खाली टेकली पाहिजे. म्हणजे कौशल्य किती आणि नशीब किती, याचे माप दुकानदाराच्या हाती. माझ्या मते त्याच कापडावर साबणाची वडी हा कौशल्याचा खेळ आहे आणि नोट हा जवळजवळ जुगार. नोटेवर रिंग बसते हे दुकानदार स्वतः करून दाखवतो, पण तो आत उभा राहून वरून सरळ सोडतो. आपण दोरीबाहेरून तिरकी फेकतो.

हे सारे पुढे मी काकांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते असू दे. वड्या किती आणल्यास?"

"एक."