मिथेनखाऊंचा माग

भातखाचराच्या चिखलात तयार होणारा सगळाच मिथेन हवेत पोचत नाही. बराचसा वाटेतच फस्त होतो, कारण तो खाणारे जीवाणू मातीत आणि मुळांपाशी ठाण मांडून असतात. डच शास्त्रज्ञ सोंगेन यांनी १९०६ मध्येच असा जीवाणू दाखवून दिला होता. पण यातले कितीतरी प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नसतात! मग त्यांना गाठायचं त्यांच्या डीएनएवरून.

मिथेन फोडणाऱ्या एन्झाइमचा एक भाग ‘पीएमओए’ नावाच्या जनुकावरून बनतो. चिमूटभर मातीतला डीएनए काढा, पीसीआरने या जनुकाच्या प्रती वाढवा, क्रम वाचा; तिथे कोणकोण राहतं ते कळतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने भातशेतातून शोधलेला असा एक जीवाणू चक्क काकडीच्या आकाराचा आहे. नावही तसंच, मिथिलोक्युक्युमिस.

पण जनुक सापडलं म्हणून तो जीवाणू आत्ता जेवतोय असं थोडंच आहे? इथे येते माझी सर्वांत लाडकी युक्ती. नेहमीच्या कार्बनऐवजी जड कार्बन-१३ असलेला मिथेन द्यायचा. तो किरणोत्सारी नसतो, फक्त वजनाला भारी. जो खाईल त्याचा डीएनएही जड होतो. मग सीझियम क्लोराइडच्या द्रावणात भन्नाट वेगाने फिरवलं की जड डीएनए खाली वेगळा पट्टा धरतो. रुमानियातल्या मोविले गुहेत हीच पद्धत वापरली गेली. सुमारे ५५ लाख वर्षं बंद असलेली ही गुहा १९८६ मध्ये उघडली. सूर्यप्रकाशाचा किरण नाही, तरी आत जीवसृष्टी नांदतेय, आणि तिच्या अन्नसाखळीत मिथेनखाऊ आहेत!

अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्याजवळच्या समुद्रतळावर २००० मध्ये आणखी एका युक्तीने, ठरावीक सूक्ष्मजीवांनाच चिकटणाऱ्या चमकत्या रंगांनी, वेगळीच जोडी उजळली. आत साधारण शंभर आर्किया, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, भोवती सल्फेटवर जगणारे जीवाणू. दोघं मिळून ऑक्सिजनशिवाय मिथेन संपवतात.

२०१० मध्ये त्याहून थक्क करणारी बातमी आली. डच कालव्यातल्या गाळातून वाढवलेल्या मिश्रणातून एका मिथेनखाऊ जीवाणूचा जीनोम जुळवला गेला, तर कळलं की तो नायट्राइटपासून स्वतःच ऑक्सिजन बनवतो!

जंगलांच्या मातीत एका गटाचं तर फक्त पीएमओए जनुक वर्षानुवर्षं सापडत होतं. अखेर २०१९ मध्ये नॉर्वेच्या ट्रोम्सोतल्या संशोधकांनी त्या गटातला एक जीवाणू वाढवून दाखवला. हवेतला दहा लाखांत जेमतेम दोन भाग मिथेन त्याला जगायला पुरतो.