हात आपोआप हलतो तेव्हा

मागे आमच्या ओपीडीत साठीच्या एक आजी आल्या होत्या. डावा हात सारखा हवेत उडत होता, पायही मधूनच झटकला जात होता. उजव्या हाताने धरून ठेवला तरी थांबेना; झोप लागली की मात्र शांत. गावात कुणी म्हणाले अंगात येते, कुणी म्हणाले फिट आहे. यात दोन आठवडे गेले. रक्तातली साखर तपासली, तर पाचशेच्या वर. आजींना मधुमेह आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. साखर आटोक्यात आली, तसा हातही हळूहळू शांत झाला.

अशा वाकड्यातिकड्या, नाचऱ्या हालचालींना कोरिया म्हणतात. मेंदूत खोलवर बेसल गँगलिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. हवी ती हालचाल होऊ द्यायची आणि नको त्या अडवायच्या, हे त्यांचे काम. हा अडसर ढिला पडला की हातपाय मनाला येईल तसे उडतात. उलट पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडते, अडसर जास्तच घट्ट बसतो आणि माणूस मंदावतो.

आता थरथर. हात थरथरला की लोक पार्किन्सनच समजतात. पण हात कधी थरथरतो, ते पाहा. मांडीवर स्वस्थ ठेवलेला एक हात थरथरतो आणि चालही मंदावली आहे, तर पार्किन्सनची शंका घ्यावी. कप तोंडाशी नेताना चहा सांडतो, वडिलांचेही तसेच होते, तर तो बहुधा 'इसेन्शियल ट्रेमर'. त्रासदायक खरा, पण आजार वेगळा आणि औषधही वेगळे. वस्तूजवळ हात पोचता पोचता कंप वाढत गेला, तर दोष लहान मेंदूत शोधावा लागतो. तरुणपणीच अशा हालचाली सुरू झाल्या, तर शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा आजार आधी तपासावा. वेळेवर उपचार झाले तर तो आटोक्यात राहतो.

मला सर्वांत जास्त खटकते ते औषधांमुळे येणारे दुखणे. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात, आणि मग हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू लागतात. त्यावर आणखी गोळ्या! उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनंतर एखाद्या तरुण मुलीची मान अचानक वाकडी होते, डोळे वर जातात आणि नातेवाईक तिला मांत्रिकाकडे नेतात. खरे तर एका इंजेक्शनने ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात सरळ होते.

म्हणून डॉक्टरांकडे येताना दोन गोष्टी आणा: घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि त्या हालचालीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. तपासताना हात नेमका शांत असतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. आणि चालू गोळी, विशेषतः मानसिक आजारावरची, हा लेख वाचून आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.