सव्वादोन मीटर म्हणजे नऊ नग

भिवंडीत मी कापडवाल्यांची ऑनलाइन दुकानं सांभाळते. दुकानाला नवं टेम्प्लेट लावायचं म्हटलं की बोलणं बहुधा रंगांपासून आणि फोटोंपासून सुरू होतं. पद्मनगरातल्या एका व्यापाऱ्यांनी मात्र थेट मुद्द्याला हात घातला. "ताई, दिसायला कसंही असू दे, माझ्या गिऱ्हाइकांना त्यांची जुनी बिलं दिसली पाहिजेत." त्यांच्याकडे पोपलीन, केंब्रिक, अस्तर आणि टू-बाय-टू रुबिया मीटरवर मिळते. घेणाऱ्या बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. मागचं बिल उघडून तेच कापड, तोच पन्हा त्या पुन्हा मागवतात. दुकानाचा सगळा धंदा त्या बिलांवर उभा आहे.

दुकान प्रेस्टाशॉपच्या 1.6 आवृत्तीवर होतं. हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर 2007 साली फ्रान्समध्ये निघालं. 2016 च्या अखेरीस 1.7 आवृत्ती आली आणि थीमची, म्हणजे टेम्प्लेटची, रचनाच बदलली. जुनी थीम तिच्यात चालत नाही. टेम्प्लेट विकणारे मग तयार संच देतात: सॉफ्टवेअर, थीम, मॉड्यूल्स आणि नमुन्याचा माल, सगळं एकत्र. थोड्या वेळात झकास दुकान उभं राहतं. पण त्याच्यासोबत त्याचा डेटाबेसही येतो, आणि तो भरलेला असतो. जॉन डो नावाचा नमुन्याचा ग्राहक आणि त्याच्या खोट्या ऑर्डरी क्रमांक 1 पासून तिथे बसलेल्या असतात. आपलीही पहिली ऑर्डर 1 क्रमांकाचीच. जुना डेटाबेस सरळ वर ओतला, तर थीमची मांडणी पुसली जाते आणि नव्या आवृत्तीला हवे ते रकानेच सापडत नाहीत. म्हणून नमुन्याच्या नोंदी काढायच्या, मांडणी ठेवायची आणि जुन्यातून फक्त धंद्याच्या नोंदी रकान्याला रकाना जुळवून आणायच्या.

कीर्दीतल्या नोंदीपुढे खतावणीचं पान लिहितात, तसंच इथे आहे. ऑर्डरीत ग्राहकाचा फक्त क्रमांक असतो. नाव दुसऱ्या तक्त्यात, पत्ता तिसऱ्यात. आधी मालाचे वर्ग, मग माल, मग ग्राहक, पत्ते आणि शेवटी ऑर्डरी, अशा क्रमाने आणि मूळ क्रमांक न बदलता मी नोंदी आणते. मालाच्या दरांची मला फार काळजी नसते, कारण ऑर्डरीच्या ओळीत त्या दिवशीचं नाव आणि दर वेगळे नोंदलेले असतात. भाषेचं मात्र जपावं लागतं. जुन्या दुकानात मराठीचा क्रमांक 2 आणि नव्यात 1 असेल, तर मालाची नावं कोरी दिसतात. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं. डेटाबेसची प्रत काढताना अक्षरसंच चुकीचा निवडला, तर 'अस्तर'च्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि त्यांतून मूळ शब्द परत मिळत नाही.

या दुकानाची खरी गाठ मीटरमध्ये होती. प्रेस्टाशॉपच्या टोपलीत नग पूर्णांकातच मोजले जातात, अडीच मीटर त्याला कळत नाही. म्हणून आम्ही पाव मीटरचा एक नग धरला आहे. ब्लाउजपिसांसाठी सव्वादोन मीटर घेतलं की आत 9 लिहिलं जातं आणि एक छोटं मॉड्यूल ते मीटरमध्ये दाखवतं. नव्या टेम्प्लेटला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आकडे नीट आले, एकही नोंद गळली नाही, तरी गोदामातले 1000 मीटर पडद्यावर 4000 झाले असते. निव्वळ नोंदी मोजून असली गोष्ट पकडता येत नाही. कापड कसं विकलं जातं ते माहीत असावं लागतं.

पासवर्डची तऱ्हा वेगळी. 1.6 मध्ये प्रत्येक पासवर्डवर दुकानाची एक गुप्त किल्ली मिसळून मगच तो साठवतात. नवा संच स्वतःची किल्ली बनवतो. जुनी किल्ली सेटिंगच्या फाइलीतून आणून बसवली नाही, तर एकाही गिऱ्हाइकाला आपल्या खात्यात जाता येत नाही.

बिलाच्या क्रमांकाशी तर कायदाच बांधलेला आहे. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे क्रमांक सलग हवा, 16 अक्षरांच्या आत हवा आणि आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येता कामा नये. नवा संच 1 पासून मोजू लागतो, म्हणून पुढचा क्रमांक आधीच भरून ठेवते. सुती पोपलीनच्या 5208 या एचएसएनसाठी, म्हणजे मालाच्या वर्गाच्या क्रमांकासाठी, बिलात रकानाही बसवून घ्यावा लागतो.

आधी सगळी रंगीत तालीम प्रतीवर. मग रात्री दुकान बंद ठेवून शेवटच्या ऑर्डरी आणायच्या आणि पैसे भरल्याची सूचना बँकेकडून नव्या दुकानाकडेच येतेय ना, ते बघायचं. महिनावार ऑर्डरींची संख्या आणि रकमांची बेरीज दोन्हीकडे रुपया-पैशांत जुळल्याशिवाय मी दार उघडत नाही. जुना डेटाबेस त्यानंतरही पुसू देत नाही, कारण वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात.