वानराची हाक आणि वाघाची चाहूल

ताडोब्याच्या जंगलात वाघ दिसण्याआधी ऐकू येतो, तोही दुसऱ्याच्या तोंडून. झाडाच्या शेंड्यावरचे वानर एकाएकी खाकरू लागते, पाठोपाठ चितळ ओरडते आणि जिप्सीतला गाईड हात वर करून गाडी थांबवतो. "कॉल चालू आहे," एवढेच तो म्हणतो.

या हाकेची आठवण मला झाली ती मात्र चंद्रपुरातल्या घरात, संगणकासमोर. काही वर्षांपूर्वीचा मे महिना. उन्हामुळे दुपारभर दारे-खिडक्या बंद. सुटीवर आलेला इंजिनिअरिंगचा भाचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत बसलेला. 2004 साली आलेला हा खेळ इंटरनेटवरून हजारो जण एकाच वेळी खेळतात. कोणी योद्ध्याची भूमिका घेतो, कोणी मांत्रिकाची, कोणी जखमा भरून काढणाऱ्या वैद्याची.

मी पाहिले तर पडदाभर पट्ट्या, आकडे आणि घड्याळे. या गर्दीत एक अजस्र राक्षस कोपऱ्यात हरवून गेला होता. "अरे, तो काय करतो आहे?" मी विचारले. "राक्षसाकडे कोण बघतं मामा? पट्टी बघायची. पट्टी संपली की पळायचं!"

या पट्ट्या म्हणजे ॲडऑन, खेळाला वरून जोडलेल्या पुरवण्या. खेळाच्या कंपनीने पडद्याची मांडणी बदलण्याची मोकळीक पहिल्यापासून दिली आणि जगभरच्या हौशी मंडळींनी हजारो ॲडऑन लिहिली. 'बारटेंडर' बटणे हवी तिथे मांडून देते. 'डेडली बॉस मॉड्स' हे तर थेट वानरच! राक्षसाचा पुढचा घाव किती सेकंदांनी येणार, याची हाक ते वर्षानुवर्षे देत आले.

ही ॲडऑन लुआ नावाच्या भाषेत लिहितात. 1993 साली ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या विद्यापीठात ती जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. चंद्रपूरच्या पोराला चंद्राची भाषा भेटावी, हा योग गमतीचाच.

ॲडऑन बसवणे अवघड नाही. उतरवून घेतलेली फाइल उलगडायची आणि तिच्यातले फोल्डर खेळाच्या 'इंटरफेस'मधील 'ॲडऑन्स' या फोल्डरमध्ये ठेवायचे. नवखे चुकतात ते इथेच. फोल्डरच्या पोटात आणखी एक फोल्डर राहून जाते आणि खेळाला ॲडऑन सापडतच नाही. आतल्या 'टीओसी' फाइलचे आणि फोल्डरचे नाव एकच हवे. खेळाची नवी आवृत्ती आली की जुनी ॲडऑन रुसतात. अशा वेळी निम्मी बंद करून पाहावी, मग उरलेल्यांतली निम्मी. दोषी आपोआप हाती लागते. आपण केलेली मांडणी 'डब्ल्यूटीएफ' नावाच्या फोल्डरमध्ये साठते. मोठा बदल करण्यापूर्वी त्याची प्रत काढून ठेवावी.

पालकांनी एक खूणगाठ बांधावी. ॲडऑनमध्ये असतो तो मजकूर, चित्रे आणि आवाज. एखादे ॲडऑन स्वतंत्र प्रोग्राम चालवायला सांगू लागले किंवा पासवर्ड मागू लागले, तर ते तिथेच सोडून द्यावे. त्यासाठी पैसे मोजण्याचेही कारण नाही. ॲडऑन फुकटच असले पाहिजे आणि त्यातला मजकूर कोणालाही वाचता आला पाहिजे, असा नियम कंपनीने 2009 सालीच केला आहे.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. हाक कुठवर ऐकायची? सुरुवातीच्या काळात 'डिकर्सिव्ह' नावाच्या ॲडऑनने कमाल केली होती. आजारी साथीदार कोण, हे तेच शोधी आणि उपचारही तेच निवडी. खेळाडूने फक्त एक बटण दाबत राहायचे. 2006 च्या डिसेंबरात कंपनीने हे बंद केले. ॲडऑनने माहिती द्यावी, निर्णय माणसाने घ्यावा, अशी रेघ तिने ओढली. 2025 मध्ये तर तिने 'मिडनाइट' या भागापासून लढाईतल्या माहितीवर ॲडऑनला हिशेब मांडता येणार नाही, असे जाहीर केले. आवश्यक तेवढ्या सूचना खेळच देणार. काहींना हे पटले, काही हळहळले. नजर किंवा हात कमजोर असलेल्यांना अशा ॲडऑनचा मोठा आधार असतो, हेही विसरून चालणार नाही.

त्या मे महिन्यात मी भाच्याला पहाटे मोहर्लीच्या फाटकातून जंगलात नेले. वानर खाकरले, गाडी थांबली. गाईड मात्र वानराकडे पाहत बसला नाही. त्याने धुळीतला पंजा पाहिला, वानराची नजर कुठे लागली आहे ते हेरले आणि गाडी पाणवठ्याकडे वळवायला सांगितली. वाघ काही दिसला नाही. परतताना भाचा नेहमीपेक्षा गप्प होता.

रात्री त्याने सगळी ॲडऑन बंद केली. तीनदा मेला. चौथ्यांदा ओरडला, "मामा, हा घाव घालण्याआधी उजवा खांदा मागे नेतो!" इतके महिने समोर असलेला राक्षस त्याने त्या रात्री प्रथम पाहिला. मग एकेक करून पाच ॲडऑन त्याने परत बसवली. एकाची फाइल उघडून त्यातला आवाजही बदलला. आता धोक्याच्या वेळी संगणकातून वानर खाकरत होते.

हाक देणारे असावेच. पण वाघ ज्याचा त्याने पाहायचा असतो.